शास्त्रांचं कोठीघर



मागच्या श्रुतपंचमीला आमच्या बस्तीच्या नव्या ग्रंथभांडारात शास्त्रं विराजमान केली. तेव्हाचे फोटो पाहून एका मैत्रिणीनं विचारलं, "एवढी वर्षं देणग्या गोळा केल्या आणि हे काय बांधलंत? ना संगमरवर, ना काच. कौलं घातलेली साधी खोली!" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर मोठं आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. म्हणून लिहायला वेळ लागला.

आमचं गाव कृष्णाकाठचं. बस्तीत शास्त्रांचं एक जुनं सागवानी कपाट होतं. त्यात हस्तलिखितांच्या एकशे बारा पोथ्या आणि ताडपत्रांच्या नऊ गड्ड्या. प्रत्येकीला वर-खाली लाकडी पाटी आणि बाहेरून सुती वेष्टन. कपाट उंच, म्हणून वरच्या कप्प्यातल्या पोथ्या काढायला उपाध्यांना स्टुलावर चढावं लागे. 2018 साली आमच्या महिला मंडळानं बस्तीला लोखंडी कपाट द्यायचं ठरवलं. पुढाकार माझा. आम्ही सगळ्या पोथ्या पुसल्या, जुनी विरलेली वेष्टनं काढली, प्रत्येक पोथी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, डांबरगोळ्या टाकल्या आणि हाताला लागाव्यात म्हणून जड गड्ड्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवल्या. कपाट भिंतीला अगदी चिकटवून लावलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही वाटलं, किती नीटनेटकं झालं!

पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. आमच्या बस्तीत कमरेएवढं पाणी होतं. आम्ही सगळे छावणीत. मूर्ती वरच्या मजल्यावर हलवल्या होत्या, पण शास्त्रांचं कपाट कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं.

आठ दिवसांनी चिखल उपसून आम्ही कपाट उघडलं. वरचे तीन कप्पे कोरडे होते. खालच्या दोन कप्प्यांतल्या पिशव्यांमध्ये पाणी शिरलं होतं आणि आतच साठून राहिलं होतं. पाणी आत जायला वाट होती, ओल बाहेर जायला नव्हती. पिशवी सोडली की आधी वास यायचा, मग पांढरी-हिरवी बुरशी दिसायची. शाई पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बोललेलं बरं वाटलं असतं.

खरा पेच त्यानंतर आला. एका संस्थेतल्या जाणकारांना फोन केला. ते म्हणाले, पानं ओढून सोडवू नका, कडक उन्हात घालू नका, सावलीत पंख्याखाली वाळवा. ओल राहिली तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि तुमच्याकडे ती आधीच पसरली आहे, तेव्हा थायमॉलची धुरी द्यावी लागेल. थायमॉल म्हणजे ओव्यात असतं तेच द्रव्य. धुरीनं बुरशी मरते.

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की बुरशी म्हणजे अनंतकाय जीव. एका कणात किती जीव याची गणती नाही. म्हणून आपण लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालत नाही, मर्यादा संपलेलं पीठ वापरत नाही. आणि इथं जिनवाणी वाचवायची तर त्या जीवांवर धुरी सोडायची! नाही सोडायची तर शास्त्र जातं. दोन्हीकडे दोष. शेवटी पोथ्या धुरीसाठी पाठवल्या. ज्या बायकांनी ते कपाट लावलं होतं त्या आम्ही सगळ्यांनी एकेक उपवास केला. तरीही सात पोथ्या आणि ताडपत्रांची एक गड्डी गेलीच.

त्या उपवासाच्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "मारायची वेळ आली ती नंतर. आधी आपण त्यांना जन्माला घातलं की नाही?"

त्यांचा मुद्दा मला तेव्हा पूर्ण कळला नव्हता. पुढे बांधकाम सुरू झाल्यावर तो रोज कळत गेला.

नवं ग्रंथभांडार बांधायचं ठरलं तेव्हा कमिटीसमोर पहिला नकाशा आला तो फार देखणा होता. तळमजल्यावर दालन, समोर पूर्ण काच, आत संगमरवर, एसी आणि प्लायवुडची सुंदर शोकेस. देणगीदारांची नावं संगमरवरावर. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "लोकांना शास्त्रांचं दर्शन व्हायला पाहिजे." त्यात चूक काही नव्हतं. दुसरी सूचना आली ती तळघराची. जैसलमेरला किल्ल्यातल्या मंदिराखाली तळघरात ज्ञानभांडार आहे, पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी स्थापलेलं, आणि तिथली ताडपत्रं अजून शाबूत आहेत. मग आपणही तसंच करू.

माझी भाची सिव्हिल इंजिनिअर आहे. तिला मी नकाशा दाखवला. ती म्हणाली, "मावशी, जैसलमेरला वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथं जमिनीखाली गेलं की ऊन टळतं, वाळू टळते, शत्रू टळतो आणि ओल नसतेच. कृष्णाकाठी जमिनीखाली गेलं की काय भेटतं?"

उत्तर सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात साध्या आडाला हात घातला तरी पाणी लागतं.

त्या वर्षी गिरनारजींच्या यात्रेहून परतताना आम्ही दोघी अहमदाबादला उतरलो. तिथं लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर आहे, 1956 साली सुरू झालेलं. मुनिश्री पुण्यविजयजींनी आयुष्यभर जमवलेल्या हस्तलिखितांपासून हा संग्रह उभा राहिला आणि कस्तुरभाई लालभाईंनी संस्था उभारली. संग्रह श्वेतांबर परंपरेतला, आपण दिगंबर. पण वाळवी असा भेद करत नाही, म्हणून आपणही शिकताना करू नये. तिथली इमारत 1962 ची, बाळकृष्ण दोशींची. दोशी जन्मानं पुण्याचे, पुढे 2018 मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. इमारत काँक्रीटची आहे, पण जोत्यावर उचललेली, सगळ्या बाजूंनी गॅलरी असलेली, म्हणजे ऊन थेट खोलीच्या भिंतीवर येत नाही. ग्रंथांची जागा अर्धी जमिनीखाली आहे. जुन्या उपाश्रयांचा आणि भांडारांचा विचार करून ती रचली आहे. भाची म्हणाली, "यातलं तळघर आपण घ्यायचं नाही, ती अहमदाबादच्या कोरड्या हवेची गोष्ट आहे. गॅलरी घ्यायची. म्हणजे खोलीत खोली."

घरी येऊन मी सासूबाईंना कागदावर काढून दाखवलं. बाहेर गॅलरी, मध्ये बंद खोली, झरोके उंचावर. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आपलं कोठीघर!"

आणि खरंच की. आमच्या जुन्या वाड्यात धान्याचं कोठीघर घराच्या मधोमध होतं. एकही भिंत बाहेरच्या पावसाची नाही. न्हाणीघर त्याला लागून नाही. कणग्या जमिनीवर नाहीत, लाकडी बैठकीवर, आणि भिंतीपासून हात जाईल एवढ्या लांब. धान्य भरायच्या आधी कडकडीत वाळवायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा, आणि पावसाळा तोंडावर आला की एकदा, ओसरला की एकदा सगळं हलवून बघायचं. कीड मारायचं औषध आमच्या घरात कधी आलं नाही, कारण कीड होऊच नये याची सगळी तजवीज आधी असायची. सासूबाईंच्या बोलण्याचा अर्थ हाच होता. ओल टाळली की जीवोत्पत्ती टळते, आणि जीवोत्पत्ती टळली की हिंसा टळते. आपण हे स्वयंपाकघरात रोज पाळतो. बांधकामात मात्र विसरतो.

पुढच्या सभेला मी पहिल्यांदाच उभी राहिले. आधी माझी चूक सांगितली, कारण ती न सांगता दुसऱ्याच्या नकाशात चुका काढायचा मला अधिकार नव्हता. मग एकेक गोष्ट मांडली. ती तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा: भांडार पहिल्या मजल्यावर. खाली प्रवचनाचा मोकळा मंडप, पूर आला तर पाणी येईल आणि जाईल. वरच्या खोलीची पातळी 2019 च्या पाण्याच्या खुणेपेक्षा बरीच वर. पण वर न्यायचं तर स्लॅब तसा हवा. घराची जमीन साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून करतात, ग्रंथांच्या खोलीला किमान 600 किलो धरावे लागतात. कागद फार जड असतो. हे आधी सांगितलं नाही तर ठेकेदार घरासारखाच स्लॅब घालतो.

भिंती: जोतं काळ्या दगडाचं, त्यावर ओल वर चढू नये म्हणून डीपीसीचा थर. वर भाजक्या विटांच्या जाड भिंती आणि आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. भिंतीत ओल गेली की ती आत कोंडून राहते, आमच्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी. चुना श्वास घेतो, ओल शोषतो आणि सोडतो. चुना मळायला जाणता गवंडी शोधण्यातच दोन महिने गेले, तो भाग वेगळा.

छप्पर: स्लॅबवर उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर, दोन्हींमध्ये हवा खेळायला जागा. उन्हानं तापतात ती कौलं, स्लॅब नाही. पाऊस गळला तर आधी कौलांतून गळेल आणि आपल्याला कळेल. पाण्याची टाकी आणि संडास-बाथरूम या खोलीच्या वर नाही, शेजारीही नाही.

फरशी: संगमरवर नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की गुळगुळीत थंड फरशीला घाम फुटतो, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? शहाबादी फरशी घातली.

खिडक्या: लहान, उंचावर, उत्तरेकडे आणि पूर्वेकडे. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला फक्त गॅलरी आणि भिंत. बारीक जाळी, आणि लाकडी झडपा. उन्हानं शाई उडते, कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. काचेच्या भिंतीवर सासूबाईंचं म्हणणं मी सभेत जसंच्या तसं सांगितलं, "दाण्याच्या कणगीला कुणी काचेची खिडकी ठेवतं का?" अण्णासुद्धा हसले.

एसी: बसवला नाही. चोवीस तास चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तो दिवसा चालणार आणि रात्री किंवा लाईट गेली की बंद पडणार. असं गार-गरम होत राहिलं की गार पडलेल्या वस्तूंवर दमट हवेचं पाणी धरतं. पोथ्यांना थंडीपेक्षा स्थिरता जास्त लागते. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीचा धोका वाढतो. म्हणून आम्ही काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घेतला. आकडा चढला आणि बाहेर हवा कोरडी असेल तर झडपा उघडायच्या, बाहेरच दमट असेल तर बंद ठेवायच्या आणि ओल शोषणारं छोटं यंत्र लावायचं.

कपाटं: जुनं सागवानी कपाट दुरुस्त करून तेच ठेवलं. लाकूड थोडी ओल स्वतः पिऊन घेतं. नवी कपाटं लोखंडाची, भट्टीतला रंग दिलेली, हवा जायला भोकं असलेली. भिंतीपासून आणि जमिनीपासून एकेक वीत अंतर. प्लायवुड पूर्ण टाळलं, कारण त्याच्या गोंदातून आणि लाकडातून आम्लाच्या वाफा बरीच वर्षं निघत राहतात आणि बंद कपाटात त्या कागदाला खातात. आणि प्लास्टिकच्या पिशव्या? त्या गेल्या. पुन्हा सुती वेष्टनं शिवली. धूळ अडते, उजेड अडतो, पण हवा खेळते. आपल्या आज्ज्यांनी हे कापड केवळ भक्तीनं निवडलं नव्हतं. कप्प्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या.

सगळ्यात मोठा वाद झाला तो पायाच्या वेळी. ठेकेदार म्हणाला, पायात आणि जोत्यात वाळवीचं औषध ओतावंच लागेल, सगळीकडे तसंच करतात. जिनवाणीच्या घराच्या पायात विष ओतायचं, या विचारानं माझ्या पोटात कालवलं. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. अण्णा म्हणाले, "वाळवी लागली तर पुन्हा धुरी द्यायला तूच पाठवणार ना?" मला उत्तर देता आलं नाही.

भाचीनं मार्ग काढला. दगडी जोत्यात पोकळी राहू द्यायची नाही. जोत्यावर पत्र्याची पट्टी बाहेर काढायची, म्हणजे वाळवीला तिच्यावरून वळसा घालून उघड्यावर यावं लागतं आणि तिचं घर आपल्याला दिसतं. शटरिंगच्या फळ्यांचा एकही तुकडा मातीत सोडायचा नाही. चौकटी जमिनीला टेकवायच्या नाहीत. भोवती दोन-तीन फूट फरशी, भिंतीलगत झाड नाही. पण तिनं स्पष्ट सांगितलं, "हे औषधासारखं ओतून विसरण्याचं काम नाही. दर महिन्याला कुणीतरी भोवती फिरून बघितलंच पाहिजे. नाही बघितलं तर हे सगळं वाया."

महिला मंडळानं ते काम घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघीजणी बॅटरी घेऊन जोत्याभोवती फिरतात, पट्टी बघतात, आर्द्रतेचा आकडा वहीत लिहितात. कमिटीतल्या काहींना अजूनही वाटतं की औषध घालायला हवं होतं. कदाचित काही वर्षांनी ते बरोबर ठरतील. पण आत्तापर्यंतच्या वहीत एकाही पानावर वाळवी लिहिलेली नाही.

बांधकाम संपलं तेव्हा सगळ्यांना लगेच प्रवेशसोहळा हवा होता. आम्ही एक पूर्ण पावसाळा खोली रिकामी ठेवायला लावली. नव्या बांधकामातलं पाणी महिनोन्महिने सुटत राहतं. जुलैमध्ये आर्द्रतेचा आकडा 80 च्या वर दिसायचा, डिसेंबरपर्यंत तो निम्म्यावर आला. एका कोपऱ्यात कौलांचं पाणी उतरलं, ते तेव्हाच सापडलं आणि दुरुस्त झालं. पोथ्या आत असत्या तर?

आणि दर्शनाचं? त्यावरही अण्णांनीच तोड काढली. खालच्या मंडपात पोथ्यांच्या पानांचे मोठे फोटो लावले आहेत. मूळ पोथ्यांचं दर्शन वर्षातून एकदा, श्रुतपंचमीला. धरसेनाचार्यांकडून मिळालेलं श्रुत पुष्पदंत-भूतबली आचार्यांनी षट्खंडागमात लिपीबद्ध केलं, त्याचा हा दिवस. तो येतो ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, पावसाच्या तोंडावर. श्वेतांबर बंधुभगिनींची ज्ञानपंचमी येते कार्तिक शुद्ध पंचमीला, पाऊस सरल्यावर. दोन्ही दिवशी शास्त्रं बाहेर काढून पुसायची, वेष्टनं बदलायची प्रथा आहे. कोठीघर हलवायचेही हेच दोन दिवस! आता आम्ही दोन्ही पाळतो.

याच षट्खंडागमाची धवला टीका मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपली गेली. तिथल्या सिद्धांतग्रंथांची काही पानं किडीनं गेल्याचं कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांना इतकी व्यथा झाली की त्यांच्या प्रेरणेनं हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले गेले. ते ताम्रपट फलटणला आहेत. आणि शेजारच्या कर्नाटकात हजार वर्षांपूर्वी अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या, असं सांगतात. एक प्रत गेली तर दुसरी राहावी. शास्त्रदान म्हटलं की आपल्याला ग्रंथ छापून वाटणं आठवतं. त्या ग्रंथाला कोरडी जागा देणं, हेही शास्त्रदानच नाही का?

तुमच्या बस्तीत किंवा मंदिरात शास्त्रांचं कपाट असेल तर या आठवड्यात एवढंच करा. कपाट भिंतीला चिकटलंय का, बघा. खालच्या कप्प्यात काय आहे, बघा. प्लास्टिक असेल तर काढा. आणि पलीकडच्या बाजूला न्हाणीघर किंवा नळ आहे का, तेही बघा.

आमच्या गेलेल्या सात पोथ्यांपैकी एकीच्या शेवटच्या पानावर ती लिहवून घेणाऱ्या श्राविकेचं नाव होतं. मी 2018 मध्ये पोथ्या पुसताना ते वाचलं होतं. आता ते पान चिकटून एक गोळा झालं आहे. नाव मला आठवत नाही. तो गोळा आम्ही फेकला नाही. नव्या वेष्टनात गुंडाळून सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला आहे. दर श्रुतपंचमीला त्याचंही वेष्टन मीच बदलते.

जय जिनेंद्र.